हायब्रिड मोटारीचें चाक आणि तेलाचा हिशेब



बैलगाडीचें चाक जितकें मोठें, तितकी ती ओढावयास हलकी, ही गोष्ट आमच्या नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. वाटेंत वीतभर खळगा लागला तर लहान चाक त्यांत सबंध उतरतें. मोठें चाक त्याच्या दोन्ही कांठांवर टेकून वरच्या वर निघून जातें. दगड आडवा आला तरी तोच प्रकार. मग मोटारीस मोठें चाक बसविलें असतां तिला पेट्रोल अधिक लागतें, असें जें म्हणतात तें कसें? मी शाळेंत मुलांना चाकाचा परीघ काढावयास शिकवीत असें. तीच मुलें आतां संसारी होऊन आपापल्या गाड्यांतून फिरतात, आणि रस्त्यांत भेट झाली म्हणजे हा प्रश्न मला विचारतात. त्यांतून ज्यांनीं नवी हायब्रिड गाडी घेतली आहे, त्यांच्या विचारण्यांत काळजीचा सूर अधिक असतो. कारण तेल वांचावें एवढ्याचसाठीं त्यांनीं साध्या गाडीपेक्षां पुष्कळ अधिक पैसे मोजलेले असतात. आणि गाडी दारांत येऊन महिना होतो न होतो, तोंच घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागतात, “हीं चाकें शोभत नाहींत, अठरा इंची बसवूं या.”

हायब्रिड म्हणजे संकरित. हिच्या पोटांत पेट्रोलचें इंजिन असतें, शिवाय विजेची मोटर आणि एक बेताची बॅटरी असते. जपानांत टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं प्रियस नांवाची अशी गाडी प्रथम मोठ्या प्रमाणावर विकावयास काढली. आपल्याकडे इनोव्हा हायक्रॉस व ग्रँड व्हिटारा या गाड्या २०२२ पासून दिसूं लागल्या. शेजारच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत कारखाना काढण्याविषयीं टोयोटानें महाराष्ट्र सरकाराशीं २०२४ च्या जुलैंत करारही केला आहे. तेव्हां हा विषय आतां परक्या देशाचा राहिलेला नाहीं.

गाडीचें तेल जातें कोठें, हें आधीं पाहूं. इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेंत जें वाया जातें तें सोडून दिलें, तर सपाट रस्त्यावर उरलेल्या शक्तीचे मुख्यतः तीन वांटेकरी असतात. पहिला वारा. दुसरा चाकांचा रोध, म्हणजे टायर जमिनीवर लोळतांना जी ओढ लागते ती. तिसरा, गाडीस वेग देण्याचा खर्च. हा वेग आपण पुढच्या चौकांत ब्रेक दाबून घालवून टाकतों. साध्या गाडींत हे तिन्ही वांटेकरी घेतात तें परत देत नाहींत. करंजीचा घाट उतरतांना साध्या गाडीचे ब्रेक तापतात. घाट चढतांना जाळलेलें पेट्रोल त्या उष्णतेच्या रूपानें हवेंत विरून जातें.

हायब्रिड गाडीची खुबी या तिसऱ्या वांटेकऱ्याशीं व्यवहार करण्यांत आहे. ब्रेक दाबतांच तिची मोटर उलट काम करूं लागते, चाकांच्या गतीपासून वीज निर्माण करते आणि ती बॅटरींत भरते. सगळा वेग परत मिळतो असें नव्हे. लांब घाटांत बॅटरी लवकर भरून जाते आणि पुढची मिळकत फुकट जाते. तरीही पुष्कळसा भाग हातीं येतो, आणि गांवांतील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासांत हायब्रिड गाडी जी काटकसर दाखविते ती बरीचशी यामुळेंच.

परंतु टायरानें घेतलेलें मात्र कोणत्याही यंत्रास परत मिळवितां येत नाहीं. हें नीट कळण्यासाठीं मुलाच्या हातांतील रबरी चेंडू घ्यावा आणि कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडावा. तो उसळतो, पण पुन्हां कमरेपर्यंत येत नाहीं. दबतांना रबरानें जेवढी शक्ति घेतली, तेवढी उलगडतांना दिली नाहीं. मधला फरक त्याच्या अंगांत उष्णता होऊन राहिला. टायराचेंही असेंच आहे. त्याचा जो भाग रस्त्यास टेकतो तो क्षणभर दबतो, वर जातांच पूर्ववत् होतो, आणि प्रत्येक फेऱ्यास थोडी शक्ति उष्णतेच्या रूपानें ठेवून घेतो. लांबच्या प्रवासानंतर टायरास हात लावून पाहावा. तो ऊन लागतो. ती ऊब आपल्याच टांकींतून गेलेली असते. बॅटरींत ती शिरत नाहीं.

म्हणून मी असें म्हणतों कीं, टायराची निवड सर्वच गाड्यांना महत्त्वाची असली तरी हायब्रिडला ती अधिक महत्त्वाची आहे. या गाडीनें ब्रेकचा खर्च कमी केला, इंजिनाची उधळपट्टी कमी केली. त्यामुळें उरलेल्या खर्चांत टायराचा आणि वाऱ्याचा हिस्सा साध्या गाडीपेक्षां मोठा झाला. ज्या घरांत कपड्यालत्त्याची व सणावारांची काटकसर आधींच झालेली आहे, तेथें किराण्याचा भाव चार पैशांनीं वाढला तरी लगेच जाणवतो, तसेंच हें.

आतां बैलगाडीच्या कोड्याकडे येऊं. मोटारीच्या टायरावर एक ओळ उमटविलेली असते. उदाहरणार्थ, २०५/६५ आर १६. ही ओळ मला नेहमीं मौजेची वाटते; एकाच ओळींत तीन मापें, आणि तिन्ही निरनिराळ्या जातींचीं! पहिला आंकडा टायराची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा टायराच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती, हें सांगतो. म्हणजे येथें २०५ चे ६५ टक्के, सुमारें १३३ मिलिमीटर. ‘आर’ हें अक्षर आंतील धाग्यांची मांडणी रेडियल आहे असें दाखवितें. शेवटचा आंकडा आंतील धातूच्या रिमचा व्यास, तो मात्र इंचांत.

हायक्रॉसच्या खालच्या प्रकारांस हाच टायर येतो. सर्वांत वरच्या प्रकारास येतो तो २२५/५० आर १८. लोक म्हणतात, चाक दोन इंचांनीं मोठें झालें. आपण हिशेब करून पाहूं. पहिल्या चाकाचा बाहेरचा व्यास : रिमचे ४०६ मिलिमीटर आणि वरखालच्या दोन भिंतींचे मिळून २६७, एकूण ६७३. दुसऱ्याचा : रिमचे ४५७ आणि दोन भिंतींचे २२५, एकूण ६८२. फरक अवघा ९ मिलिमीटर. शेंकडा दीडहून कमी! म्हणजे जमिनीवर जें चाक फिरतें तें मोठें झालेंच नाहीं. धातू दोन इंचांनीं वाढला आणि तेवढें रबर कमी झालें, इतकेंच. बैलगाडीच्या चाकाचा जो गुण सांगितला, तो बाहेरच्या घेराचा गुण आहे, आणि दुकानांतील मोठें चाक घेराला मोठें नसतें. सारा घोंटाळा ‘मोठें’ या एका शब्दांत आहे.

बैलगाडीविषयीं आणखी एक सांगावेंसें वाटतें. उसाच्या हंगामांत संगमनेर, कोपरगांव, प्रवरानगर या बाजूस कारखान्याकडे जाणाऱ्या टायरच्या बैलगाड्या आपण पाहिल्या असतील. त्यांचीं चाकें जुन्या लांकडी चाकांहून लहान आहेत, तरी पक्क्या सडकेवर तीच बैलजोडी त्यांतून कितीतरी अधिक ऊस ओढते. लोखंडी धांव दगडावर आली कीं सबंध गाडी उचलावी लागते. हवेचा टायर तो दगड आपल्या पोटांत घेतो आणि गाडी जागच्या जागीं राहते. शिवाय आंसाजवळ बेअरिंग आलें, वंगणावर भागविण्याचे दिवस गेले. हवेच्या टायराचें पहिलें पेटंट रॉबर्ट टॉमसन यानें १८४५ सालीं घेतलें आणि १८८८ सालीं डनलॉपनें तो टायर पुन्हां नव्यानें शोधून रूढ केला. आमच्याकडील लोकांनीं या गाडीस ‘डनलॉप गाडी’ असें नांव देऊन त्याचें ऋण आपल्या परीनें फेडलें आहे. तात्पर्य, घेर हा ओढीचा एक भाग झाला; टेकणारी वस्तु कशाची आहे आणि ती कशी दबते, हा दुसरा भाग, आणि सडक चांगली असेल तेथें तो पहिल्यावर मात करतो.

घेर मोठा, पण टायर अरुंद, असें केलें तर? जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २०१३ सालीं काढलेल्या आय-३ या विजेच्या गाडींत तसेंच केलें होतें. रिम १९ इंची, आणि टायराची रुंदी फक्त १५५ मिलिमीटर. पाहणारास तें सायकलीचें चाक वाटावें. म्हणजे मोठ्या रिमवर वैर धरण्याचें कारण नाहीं. अडचण अशी कीं, बाजारांत शोभेसाठीं जीं मोठीं चाकें मिळतात त्यांबरोबर टायर बहुधा रुंद येतो, आणि त्याचें रबर रस्त्यास घट्ट धरून ठेवणारें असतें. वळणावर वेगानें जाणारांसाठीं तें बनविलेलें असतें. असें रबर दबतांना अधिक उष्णता ठेवून घेतें.

या सर्वांचा मिळून परिणाम किती, याचा उत्तम दाखला प्रियसच्या २०२३ च्या नव्या गाडीचा आहे. एकच इंजिन, एकच सांगाडा. साध्या प्रकारास १९५/६० आर १७ हा टायर, वरच्या दोन प्रकारांस १९५/५० आर १९. रुंदी तीच, बाहेरच्या व्यासांत फरक सुमारें १२ मिलिमीटर. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या आंकड्यांप्रमाणें पहिली गाडी एका गॅलनांत ५७ मैल जाते, दुसरी ५२ मैल. आपल्या मापानें लिटरला सुमारें २४ किलोमीटर आणि २२ किलोमीटर. शेंकडा नऊच्या जवळपास घट! सगळी घट चाकांवर लादणें न्याय्य होणार नाहीं. वरच्या प्रकारांत सामानसुमान अधिक असतें व गाडी थोडी जड असते. परंतु चाकांचा वांटा त्यांत मोठा आहे, हें उघड आहे.

येथें वजनाविषयीं दोन शब्द. पुष्कळ जाणते लोक सांगतात कीं, मोठीं चाकें जड असतात आणि फिरणारें वजन फार महाग पडतें. तें कांहीं अंशीं खरें आहे. चाकाच्या कडेस असलेला एक किलो पुढेंही न्यावा लागतो आणि फिरवावाही लागतो, म्हणून वेग घेतांना तो जवळ जवळ दोन किलोंसारखा वागतो. समजा, प्रत्येक चाक तीन किलोंनीं जड झालें. चार चाकांचे बारा, दुप्पट धरले तरी चोवीस. सतराशें किलोंच्या गाडींत चोवीस किलो म्हणजे दीड टक्काही नव्हे. आणि हा खर्च वेगाच्या खात्यांत पडत असल्यामुळें हायब्रिड गाडी त्यांतला भाग परतही मिळविते. माझ्या मतें वजनाचा बाऊ वाजवीपेक्षां अधिक केला जातो. वाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होतें. रुंद टायर आणि उघड्या आऱ्यांचें चाक वाऱ्याची घुसळण करतात, आणि महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगानें जातांना ती घुसळण फुकट होत नाहीं.

आतां रुपये-आणे पाहूं. माणसांसह १७०० किलोंची गाडी घ्या. चांगल्या टायराचा रोध वजनाच्या एक टक्का धरूं. म्हणजे सपाट सडकेवर ती दोर बांधून हळूहळू ओढली आणि दोरास तराजूचा कांटा लावला, तर तो १७ किलो दाखवील. त्याऐवजीं सव्वा टक्क्याच्या जरा आंतला, म्हणजे १·२ टक्के रोधाचा टायर घातला तर कांटा २० किलोंच्या वर जाईल. साडेतीन किलोंचा फरक. एवढा मुलगाही ओढील. पण तो शंभर किलोमीटर ओढावयाचा आहे. त्याची किंमत पाव लिटर पेट्रोलाहून थोडी अधिक पडते. शंभर किलोमीटरांस पांच लिटर जाळणारी हायब्रिड गाडी आतां सव्वापांचाहून किंचित् अधिक जाळूं लागेल. लिटरला वीसचें माप एकोणिसाच्या आंत येईल. घट साडेपांच टक्क्यांची. सात लिटर जाळणाऱ्या साध्या गाडीस तोच टायर बसविला तर घट चार टक्क्यांच्या आसपास राहते. वर्षांत पंधरा हजार किलोमीटर प्रवास आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलें, तर हायब्रिडवाल्याचे चार हजारांहून अधिक रुपये जातात. चाकांची व टायरांची किंमत निराळी. यानें कोणाचें घर बुडत नाहीं. ज्याला शोभा हवी त्यानें ती पैसे देऊन खुशाल घ्यावी. फक्त तेल वांचविण्यासाठीं गाडी घेतली असें मग सांगूं नये.

याहून अधिक फसवणूक दुसऱ्या जागीं होते, आणि ती घरांत कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. चाळीस-पन्नास हजार किलोमीटरांनंतर पहिले टायर झिजतात. मालक दुकानांत जाऊन त्याच मापाचे, परंतु स्वस्त टायर घेतो. माप तेंच असल्यामुळें तो निश्चिंत असतो. पण माप सारखें म्हणजे रबर सारखें नव्हे. कारखान्यानें हायब्रिड गाडीस कमी रोधाचे टायर मुद्दाम निवडून दिलेले असतात; वर सांगितलेला एक टक्का आणि १·२ टक्के हा फरक एकाच मापाच्या दोन टायरांतही सहज पडूं शकतो. आपल्या सरकारनें २०२२ सालीं टायरांचा लोळण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा नियमानें ठरविल्या. तो नियम अगदींच वाईट माल अडवितो. मर्यादेच्या आंतील बऱ्या-वाईटाची निवड ग्राहकानेंच करावयाची असते. म्हणून दुकानदारास मापाबरोबर हेंही विचारावें कीं, हा टायर कमी रोधाचा आहे काय. मात्र टायर बदलतांच तेलाचें मान घसरलें म्हणून त्याच्याशीं लगेच भांडूं नये. नव्या टायराची नक्षी खोल असते, तेथें रबर अधिक असतें आणि तें अधिक दबतें. झिजलेल्या टायराहून नवा टायर थोडें अधिक तेल घेतोच. पावसांत पाणी बाजूस सारण्याचें काम ती खोल नक्षीच करते, तेव्हां हा खर्च जिवाच्या रक्षणाचा समजावा.

हवेचा दाब तर सर्वांस ठाऊक असलेला आणि कोणीच न पाळणारा विषय आहे. चारही चाकांतील दाब एका पौंडानें उतरला तर तेलाचा खर्च सरासरीनें ०·२ टक्के वाढतो, असें अमेरिकन सरकारचें मान आहे. दहा पौंड उतरले कीं दोन टक्के. दाब पहाटे, टायर थंड असतांना पाहावा आणि दाराच्या चौकटीवरील पत्रकांत दिला असेल तेवढा ठेवावा. तेल वांचवावें म्हणून त्याहून बराच अधिक भरणें चांगलें नाहीं. टायर मधोमध झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर पकड कमी पडते.

नगरच्या रस्त्यांचाही विचार केला पाहिजे. १३३ मिलिमीटरांची भिंत खड्ड्याचा जो धक्का सोसते, तो ११२ मिलिमीटरांच्या भिंतीस सोसवेलच असें नाहीं; मग धक्का थेट रिमवर जातो, रिम वांकते, टायराच्या भिंतीवर फुगवटा येतो. महामार्गावरच ज्यांचें येणें-जाणें आहे त्यांची गोष्ट निराळी, पण पारनेर-पाथर्डीकडील वाड्या-वस्त्यांवर ज्यास जावें लागतें, त्यानें उंच भिंतीचा टायर सोडूं नये.

कंपनीनें सांगितलेला तेलाचा आंकडा आणि आपला आंकडा जुळत नाहीं, अशीही तक्रार असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमांत चाचणी घेणाऱ्या संस्था नांवानिशीं दिलेल्या आहेत. त्यांत पुण्याची ए. आर. ए. आय. आहे, तशी आपल्या अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्थाही आहे. नगरकर तिला व्ही. आर. डी. ई. म्हणून ओळखतात. तेलाची चाचणी गाडी रुळांवर उभी करून, ठरीव वेगक्रमानें घेतात. आणि त्या रुळांनीं किती अडवावें हें ठरविण्यासाठीं गाडी आधीं सपाट धांवपट्टीवर वेगांत सोडून, ती आपोआप किती वेळांत मंदावते हें मोजण्याची रीत आहे. त्या मोजणींत जे टायर असतात ते कंपनीचे असतात. आपण ते बदलले कीं त्या आंकड्यावरचा आपला हक्क संपला.

आपण स्वतः मोजतों त्यांतही एक मेख आहे. गाडीचें अंतर-मापक किलोमीटर मोजीत नाहीं. तें चाकाचे फेरे मोजतें आणि मूळच्या घेरानें गुणतें. समजा, कोणीं २०५/६५ आर १६ काढून २१५/६५ आर १७ बसविला. व्यास ६७३ चा ७११ झाला. आतां मापकानें १०० किलोमीटर दाखविले तेव्हां गाडी वास्तविक १०५ हून अधिक गेलेली असते. तेलाचें मान आहे त्याहून वाईट दिसतें, आणि वेगाचा कांटाही खरा वेग लपवितो, हें अधिक धोक्याचें. लहान घेराचें चाक घातलें तर उलट : मान कागदावर सुधारतें आणि मालक फुशारकी मारतो.

म्हणून ज्यांना खरा हिशेब हवा त्यांनीं टांकी तोंडापर्यंत भरून नगर-पुणें असा प्रवास करावा, अंतर रस्त्याच्या दगडांवरून किंवा फोनांतील नकाशावरून घ्यावें, आणि त्याच पंपावर पुन्हां टांकी भरून लिटर मोजावे. एकाच बाजूचा आंकडा धरूं नये. नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे आणि पुणें सुमारें ५६०. जातांना या उताराचाच शेंकडा दोनपर्यंत फायदा होतो आणि येतांना तो द्यावा लागतो. पावसाळ्यांत याच्या उलट, नैर्ऋत्येचा वारा जातांना समोरून येतो व परततांना पाठीशीं असतो. जाऊन-येऊन दोन्ही मिळून भाग द्यावा. आणि चाकें बदलण्यापूर्वीं एकदां व बदलल्यानंतर एकदां, त्याच महिन्यांत, तितक्याच माणसांनिशीं.